संदर्भसूची

पावणेआठचा तास. खोली क्रमांक अकरा.
दुसरं रेल्वे गेट पडलं की अर्धा वर्ग उशिरा,
आणि कारण सगळ्यांचं एकच, शब्दाला शब्द.
मी म्हणते, याला उसनवारी म्हणतात.
हसतात. त्यांना वाटतं, मी गेटबद्दल बोलतेय.

फळ्यावर लिहिते: 'असे म्हणतात.'
कोण म्हणतं?
शेवटच्या बाकावरून भावकाण्णा, कडोलीचा:
'सगळीच म्हणत्यात की, मॅडम.'
सगळ्यांचं आडनाव काय रे, विचारते,
आणि छापून कधी आले?

पहिल्या पंधरवड्यात चौसष्ट निबंध.
एकोणचाळीस 'प्राचीन काळापासून' निघालेले,
अकरा 'आजच्या धावपळीच्या युगात' पोचलेले.
कंग्राळीच्या एकाने गावच्या तळ्यात
फ्लेमिंगो उतरवले होते, थवेच्या थवे.
पाहिलेस का?
'न्हाई. पण चांगलं दिसत्यात तिथं.'
हे मात्र त्याचं स्वतःचं वाक्य होतं.
मी त्याला तेच लिहायला सांगितलं.

समीक्षा मुचंडीकर. वडगाव. घरात दोन माग.
तिचा निबंध असा सुरू होतो:
'आमच्या गल्लीत रात्री आवाज थांबला
की माणसं जागी होतात.'
लाल पेन थांबलं. मग सवयीने
समासात लिहून गेलं: पुरावा?

दुसऱ्या दिवशी ती मोबाईल घेऊन आली.
आत्याचा आवाज, मागे धोट्याची खडखड,
सव्वीस मिनिटं, मधे एकदा चहा.
छान, म्हटलं. आता हिला सूचीत बसवू.
आडनाव, स्वल्पविराम, नाव.

इथून अवघड झालं.
माहेरची सुलोचना, सासरी शांता,
रेशनकार्डावर कन्नडातून फिरून आलेली शांतव्वा.
लेखिका एक की तीन?
आणि स्थळ? कुणीतरी म्हणालं, बेळगाव.
कुणीतरी म्हणालं, बेळगावी.
वर्ग असा गप्प झाला
की पंख्याचा सैल स्क्रू ऐकू यायला लागला.
मी खडू धरून उभी. ब नंतर काय लिहायचं,
हे माझ्या बापाच्या वेळेपासून इथं कुणी
एका दमात लिहिलेलं नाही.

चिकोडीचा बाहुबली उपाध्ये, घरी कानडी,
वर्गात सहसा न बोलणारा, म्हणाला,
'वडगाव, चौथी गल्ली लिहा की.
तिथं कुणाचं भांडण न्हाई.'
'हाय की,' समीक्षा म्हणाली. 'नळावरनं.'

हसण्यात तास गेला.
अवतरणचिन्हं शिकवायची राहिली.
ती शिकवायला मला नेहमीच उशीर होतो.
माझ्या प्रबंधात, पान सत्तेचाळीस,
एक वाक्य आहे, माझं नाही.
चांगलं होतं म्हणून घेतलं,
आणि दोन्ही बाजूंची ती इवली चिन्हं
टंकलेखकाकडून गळली, असं
मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले.
बाईंनी परीक्षण करताना नेमकी
त्याच वाक्याखाली रेघ ओढली: 'उत्तम!'

हे मी यंदा त्यांना सांगून टाकलं.
कुणी काही बोललं नाही.
कंग्राळीच्या पोराने वहीत टिपून घेतलं,
पान नंबरासकट.

काल भावकाण्णाचा दुसरा खर्डा आला,
ऊस तोडून आल्यावर लिहिलेला, कागदाला चिकट.
पहिल्या खर्ड्यात होतं:
'आमची विहीर कधीच आटली नाही, असे म्हणतात.'
आता आहे:
'आमची विहीर कधीच आटली नाही,
असे गावात तिघे म्हणतात. नावे खाली दिली आहेत.
चौथा म्हणतो, एकदा आटली होती.
चौथा माझा आजोबा आहे
आणि त्याचे कुणी ऐकत नाही.'

मी समासात लिहिलं: कोणत्या साली?
मग ते खोडलं.
लिहिलं: तेव्हा पाणी कुठून आणलं, ते विचार.
आणि मोबाईल चार्ज करून ने.